क्रिबवरचा पहारा

"ही तोंडच उघडत नाही हो. हिला क्रिबला टाका."

आमच्या वर्गाच्या मिस हे क्राफ्टच्या मिसना म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या मागंच हातभर अंतरावर उभी होते. हॉलच्या पायरीवर दोघींची सहावीच्या मुलांची वाटणी चालली होती. क्राफ्टच्या मिसनी मान वळवून मला पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल की. आमच्याकडं कुठं बोलायचं असतं?"

मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. शनिवारी छोट्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत अभ्यास बंद व्हायचा आणि ॲक्टिव्हिटी सुरू व्हायच्या. कुणी वक्तृत्वाला, कुणी बँडला, कुणी मैदानावर कराटेला. जून ते नोव्हेंबर मी हस्ताक्षराच्या वर्गात कोपऱ्यातल्या बाकावर निवांत होते. पण डिसेंबर उजाडला की सगळ्या ॲक्टिव्हिटी नाताळच्या कार्यक्रमात विरघळून जायच्या. नाटक, नाच, कॅरल गाणाऱ्यांचा कॉयर, सगळीकडं स्टेज आणि सगळीकडं तोंड. स्टेज नसलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे क्रिब. हॉलच्या व्हरांड्यात मांडायचा नाताळचा देखावा: एक डोंगर, एक गोठा, गोठ्यात गव्हाण आणि गव्हाणीत बाळ.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. घरी मी आईचं डोकं खायचे. इंग्रजीत मार्कही चांगले पडायचे. पण शाळेत वाक्य ओठांपर्यंत आलं की मी ते एकदा तपासायचे, मग परत तपासायचे, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. माझं वाक्य माझ्याकडंच राहायचं. अशी खूप वाक्यं साठली होती, आणि त्यांतली बहुतेक प्रश्न होती.

प्रश्न असायला कारणही होतं. कराडच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही बहुतेक मुलं ऊसवाल्यांची, व्यापाऱ्यांची, नोकरदारांची. ख्रिस्ती मुलं प्रत्येक वर्गात दोन-तीन. आठवड्यातून एकदा ती उठून कोपऱ्यातल्या खोलीत धर्मशिक्षणाला जायची आणि आम्हाला मूल्यशिक्षण असायचं. खोटं बोलू नये, पाणी वाया घालवू नये. त्या बंद दाराआडून कधी गाणं ऐकू यायचं, कधी सगळे एकदम हसायचे. पाणी वाया घालवू नये यात हसण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळं तिकडं काय चालतं याचं मला फार कुतूहल होतं. क्रिबच्या गटात त्या खोलीतली एक मुलगी होती. तिचे वडील रेल्वेत होते, मिरजेहून कराडला बदलून आलेले. ती आमच्यासारखंच मराठी बोलायची, डब्यात आमच्यासारखीच चपाती-भाजी आणायची, आणि तरी तिला ती गोष्ट माहीत होती जी आम्हाला माहीत नव्हती. मी ठरवून तिच्या शेजारी बसायला लागले.

गटातला दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे किल्लेदार. हे नाव आम्ही त्याला दिलेलं. पाटण रस्त्यावरच्या एका गावातून यायचा, वडील फौजेत. दिवाळीत त्याचा किल्ला बघायला शेजारच्या वाडीतली माणसं यायची असं तो स्वतःच सांगायचा. क्राफ्टच्या मिस पहिल्या शनिवारी म्हणाल्या, "आधी डोंगर करायचाय," तसा तो उठूनच उभा राहिला.

"डोंगर ना, मिस? मग सोडा माझ्यावर."

विटा, पोती, लाल माती. शाळेत इंग्रजीच बोलायचं असा नियम होता, पण चिखलात हात घातला की इंग्रजी आपोआप गळून पडायची. "ए, पाणी कमी टाक की रं!" "आरं, बुरूज ढासळतोय, धर धर!" आमच्या डोंगराला बुरूज आहे हे कुणालाच खटकलं नाही. पुढच्या शनिवारी तट आला, पायऱ्या आल्या, माथ्यावर पाण्याचं टाकं आलं, खाली दोन बुरुजांच्या मध्ये दरवाजा आला. मिस मूळच्या साताऱ्याच्या, खिडकीतून किल्ला बघत मोठ्या झालेल्या. त्या येऊन कमरेवर हात ठेवून बघायच्या आणि म्हणायच्या, "तटाला बारीक खडे लावा रे, उठून दिसेल." मातीचा डोंगर करायचा म्हटल्यावर आम्हा कुणाच्याच हातांना दुसरं काही येत नव्हतं. डोंगर म्हणजे किल्ला. नुसता डोंगर हे काहीतरी अर्धवट राहिलेलं काम वाटलं असतं.

पहिली अडचण बाळाच्या जागेवरून आली.

"वर ठेवायचं," किल्लेदार म्हणाला. "बालेकिल्ल्यावर."

"वर नाही," रेल्वेवाली म्हणाली. "खाली. गोठ्यात."

"एवढा मोठा देव, आणि खाली?"

"जागाच मिळाली नव्हती त्यांना. सगळीकडं फिरले, कुणी घेतलं नाही."

"बाईमाणूस अवघडलेली, आणि घेतलं न्हाई?" त्याला ते खरंच वाटेना. थोडा वेळ तो मातीचा गोळा हातात फिरवत बसला. "हिकडं आले असते तर घेतलं असतं," असं म्हणून त्यानं किल्ल्याच्या पायथ्याशी गोठ्यासाठी जागा सपाट करायला घेतली. छपराला पाचट वापरलं. उसाचा हंगाम होता, शाळेसमोरून ट्रॉल्या जायच्या आणि रस्त्यावर पाचट लागेल तेवढं पडलेलं असायचं.

हिरवळीवरूनही बोलाचाली झाली. रेल्वेवालीनं डब्याच्या झाकणांत गहू पेरून आणले, त्यांच्यात तसंच करतात म्हणून. किल्लेदारानं डोंगरावर मोहरी टाकली, आमच्यात तसंच करतात म्हणून. मोहरी आधी उगवली. त्या दिवशी तो व्हरांड्यातून छाती काढून फिरत होता.

मला मिळाली मेंढरं. शाळेच्या कपाटातल्या खोक्यात बाकी सगळे होते: आई, वडील, तीन मेंढपाळ, तीन राजे, एक उंट. मेंढरू मात्र एकच, तेही पाय मोडलेलं. मिसनी माझ्यासमोर शाडूचा गोळा ठेवला. मी मेंढरं केली ती मला माहीत होती तशी. माझं आजोळ जतकडं, कोरड्या रानातलं. तिकडची मेंढरं उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, नाक वाकलेलं. रंगवून झाल्यावर मी ती वाळत ठेवली, तर किल्लेदार उकिडवा बसून बघायला लागला.

"अगं, ही मेंढरं हायत का पोपट?"

सगळे हसले. मीही हसले. तिकडची मेंढरं अशीच असतात, हे वाक्य मी तपासत होते तेवढ्यात विषय बदलला. पण त्यानं ती उचलून किल्ल्याच्या उतारावर, मोहरीत, एकेक करून जपून मांडली आणि मागं सरकून म्हणाला, "लय भारी दिसत्यात पण." त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मला जाणवलं, की मी पुढच्या शनिवारची वाट बघतेय. शाळेच्या बाबतीत माझं असं कधी झालं नव्हतं.

त्याच सुमारास रेल्वेवालीनं आम्हाला पुढची गोष्ट सांगितली: तिथल्या राजाला कळलं, की नवा राजा जन्मलाय, आणि त्यानं बाळाला मारायला सैनिक पाठवले. किल्लेदाराचे हात थांबले.

"आणि ह्यांचा गोठा उघडा?"

"हो."

"पहारा?"

"पहारा कुठला? गरीब होते ते."

सोमवारी शाळेत येताना त्यानं घरून आपलं दिवाळीचं खोकं आणलं. त्यातून मावळे निघाले, भाले घेतलेले, ढाली घेतलेले. एक तोफ निघाली. एक वाघही निघाला. मावळे त्यानं गोठ्याभोवती उभे केले, सगळ्यांची तोंडं बाहेर.

"आमच्या क्रिबला असं नसतं," रेल्वेवाली हळूच म्हणाली.

"तुमच्या क्रिबला नसंल. राजा टपलाय म्हटल्यावर पहारा नको व्हय?"

थोड्या वेळानं तीच एक मावळा नीट सरळ उभा करताना दिसली.

मिसना मात्र आता पहिल्यांदा काळजी वाटली. त्या म्हणाल्या, "मुलांनो, सिस्टरनी अजून हे बघितलेलं नाही." सिस्टर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मंगळूरकडच्या, बरीच वर्षं कराडात, उंच आणि चालायला भरभर. "कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या बाळ घेऊन येतील. त्यांना पटलं तर ठीक. नाहीतर कपाटात पुठ्ठ्याचा जुना गोठा आहे, तो मांडायचा, आणि तुम्ही सगळे कॉयरच्या मागच्या रांगेत."

किल्लेदार म्हणाला, "मावळे काढायला लावले तर मी किल्लाच मोडीन." तो हे रागानं म्हणाला नाही. एखादी ठरलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाला, म्हणून मला ते खरं वाटलं. मला किल्ला मोडायला नको होता. कॉयरची मागची रांग तर नकोच होती. पण त्याहून, इतके दिवस हातानं केलेली, मोहरी उगवलेली, माझी वाकड्या नाकाची मेंढरं चरत असलेली ती जागा एका दुपारी पोत्यात भरली जाणार, हे मला सहन होत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मिसच्या सांगण्यावरून आम्ही मेंढपाळांना गोठ्यापाशी नेलं. आकाशातून निरोप आला आणि ते सगळे रानातून बाळाला बघायला गेले, असं त्या गोष्टीत होतं. तिघंही गव्हाणीपुढं गुडघे टेकून बसले. गव्हाण रिकामीच होती, बाळ सिस्टरच्या कपाटात होतं. मी उताराकडं पाहिलं. तिथं माझी मेंढरं होती आणि त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं.

ही गोष्ट मला काही केल्या पटेना.

आजोळी शेतात खत व्हावं म्हणून दरवर्षी धनगरांची मेंढरं बसवायचे. आठ-दहा माणसं, कुत्री, घोड्याच्या पाठीवर झोळीत नवी कोकरं. मामाच्या मुलीचं बारसं होतं, त्या वेळीही त्यांचा मुक्काम आमच्याच रानात होता. मामानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. ते आले, हात धुतले, पंगतीला बसले. आजीनं मोजल्यासारखं करून आणखी एक ताट वाढलं आणि वर दुसरं ताट झाकलं.

"हे कुणाला?" मी विचारलं. घरात मी विचारायचे.

"मागं थांबलाय त्याला," मामा म्हणाला. "मेंढरं सोडून सगळे कधी येत न्हाईत, बाळ. लग्न असू दे, मयत असू दे, एकजण हायच मागं. लांडगा काय आवतान देऊन येतो व्हय?"

ताट घेऊन मामा निघाला तशी मीही गेले. उन्हं कलली होती. तो माणूस घराकडं पाठ करून, मेंढरांकडं तोंड करून बसला होता. आमच्या मागून स्पीकरवरची गाणी ऐकू येत होती. त्यानं ताट घेतलं आणि आधी मलाच विचारलं, "पोरगं का पोरगी?"

"मुलगी."

"नाव काय ठिवलं?"

मी सांगितलं. त्यानं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि मग भाकरी मोडली.

म्हणून व्हरांड्यात त्या उतारासमोर बसून मी विचार करत होते, की त्या रात्री कोण थांबलं असेल. थांबलं तर असणारच. गोष्टीत त्याचं काही नाही, कारण त्यानं बाळाला पाहिलं नाही. त्याला कुणी नंतर येऊन सांगितलं असेल का? त्यानं काय विचारलं असेल? मला हे रेल्वेवालीला विचारायचं होतं. मी तिच्याकडं दोनदा पाहिलंही. ती उंटाच्या पाठीवर चकचकीत कागद चिकटवत होती. शेवटी मी गोठ्याजवळचे मावळे उचलले आणि वर उतारावर नेऊन मेंढरांभोवती उभे केले. पाठ गोठ्याकडं, तोंड रानाकडं.

"ए! माझा पहारा का हलवला?" किल्लेदार धावत आला.

मी मेंढरांकडं बोट दाखवलं.

"मग बाळाला कोण?"

मी खांदे उडवले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, उताराकडं पाहिलं. "हिला विचारून काय उपयोग न्हाई," तो कुणालाच न उद्देशून म्हणाला, आणि एक मावळा परत गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवला. बाकीचे त्यानं राहू दिले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या. त्यांच्या एका तळहातावर पांढऱ्या रुमालात बाळ होतं. आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. आत हॉलमध्ये कॉयरचा सराव चालला होता, एकच ओळ परत परत. सिस्टरनी देखाव्याभोवती पूर्ण चक्कर मारली. पाचटाला हात लावून बघितला. गव्हाची झाकणं बघून त्या हसल्या. मग वर बघितलं.

"तोफ?" त्या इंग्रजीत म्हणाल्या.

किल्लेदारानं पुढं होऊन तोफ स्वतःच उचलली आणि खिशात घातली.

"आणि वाघ. बेथलेहेमात वाघ नव्हता."

वाघही खिशात गेला. एवढं झालं तेव्हा मला वाटलं, निभावलं. पण सिस्टर मावळ्यांपाशी वाकल्या.

"हे सैनिक आहेत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग मिसकडं वळून त्या मराठीत बोलल्या, "ही शांतीची रात्र, मिस. इथं भाले कसे ठेवू? उद्या पालक येणार. ख्रिस्ती पालक म्हणतील, क्रिब असा का. बाकीचे म्हणतील, आमचे मावळे इथं का उभे केले. मी कुणाकुणाला उत्तर देणार?"

सिस्टरनी आमच्याकडं पाहिलं. "हे का आहेत, मला कुणी सांगेल? एक कारण."

किल्लेदाराला कारण माहीत होतं. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, "सिस्टर, द किंग... द किंग इज कमिंग..." आणि अडकला. त्याचे कान लाल झाले. सिस्टर थांबल्या, त्यानं ते कसंबसं पुरं केलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, राजाचे सैनिक नंतर आले, त्या रात्री नाही. त्या रात्री कुणी मारायला आलं नव्हतं. किल्लेदारानं रेल्वेवालीकडं पाहिलं. तिनं नाइलाजानं मान हलवली.

"मग काढतो," तो मराठीत म्हणाला. "सगळंच काढतो." आणि त्यानं बुरुजावर हात ठेवला. बुरुजाचे दोन खडे निसटून खाली गव्हात पडले.

"अरे, थांब," मिस म्हणाल्या आणि गव्हातले खडे वेचायला वाकल्या.

माझ्याकडं कारण होतं. मी ते इंग्रजीत जुळवायला घेतलं. क्रियापद कुठलं वापरायचं यावर अडले, परत सुरुवातीपासून आले. सिस्टरनी एक मावळा उचलला. आता त्यांच्या एका हातात बाळ होतं आणि दुसऱ्या हातात मावळा, आणि मावळा ठेवायला त्या खोकं शोधत होत्या.

मी आजही अनोळखी माणसांत लवकर बोलत नाही. त्या दिवसानं माझा स्वभाव बदलला असं कुणाला वाटायला नको. सुट्टीनंतरच्या शनिवारी मी पुन्हा तशीच होते. पण किल्ला राहिला हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी पालक आले, वाकून वाकून बघून गेले. मावळ्यांबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. विचारलं ते मेंढरांच्या नाकांबद्दल. नाताळची सुट्टी संपवून आम्ही आलो तेव्हा मोहरी पिवळी पडून झोपली होती, तटाला भेगा गेल्या होत्या, आणि मावळे उतारावर उभेच होते, गोठ्याकडं पाठ करून.

त्या दुपारी कॉयरची ओळ मध्येच थांबली. व्हरांड्यात एकदम शांत झालं. मी भिंतीपासून पुढं आले. इंग्रजीतलं वाक्य अजून जुळलं नव्हतं, म्हणून ते सोडून दिलं आणि आमच्या घरात बोलतात तसं बोलले. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"सिस्टर, हे लढायला नाही आलेले. हे मेंढरांजवळ मागं थांबलेत, म्हणून बाकीच्यांना बाळाला बघायला जाता आलं."